एकशे बारा पावलं

नव्या वर्षाच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा आईच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधून आले. "गुडघे आखडलेत तुझे, रोज चालत जा," असा दमही दिला. ती लानचौमध्ये किती चालली, ते मला शेन्झेनमध्ये मोबाईलवर दिसायचं.

आधी रोज जेमतेम दोन हजार. मार्चपासून मात्र एकदम अठरा हजार, वीस हजार! मोबाईलवरच्या नातेवाइकांच्या पावलांच्या यादीत आई पहिली यायला लागली. मी रोज तिच्या आकड्याला शाबासकीचा लाल बदाम पाठवायचे. मामी चिडवायची, "तुझी आई म्हातारपणी शर्यतीत उतरतेय की काय?"

बाबा मात्र फोन करावा तेव्हा नदीवर मासे धरायला गेलेले असायचे.

काल कामाची पाळी सुटल्यावर सवयीने बदाम दाबला आणि मग आकडा पाहिला. एकशे बारा.

लगेच फोन लावला. "काय गं आई, घालवलास ना पहिला नंबर? दमलीस?"

"नाही गं, यानलिंग. आज कुठे जायचंच नव्हतं." ती थांबली. "इतके दिवस इस्पितळात होतो. तपासणीच्या खिडक्या तळमजल्यावर, गरम पाणी वऱ्हांड्याच्या पार टोकाला, आणि तुझे बाबा आठव्या मजल्यावर. तू नोकरी सोडून आली असतीस, म्हणून त्यांनी सांगू दिलं नाही. आज पहाटे गेले ते."

मग तीच पुढे म्हणाली,

"तुझा बदाम आला की त्यांना दाखवायचे मी. परवासुद्धा म्हणाले, 'जा, अजून एक फेरी मार. पोरीचा बदाम यायचाय.'"