काळी चारच्या खाली

मुलीने पाठवलेल्या डिजिटल पियानोची पुस्तिका मी तीन आठवडे नुसती वाचत होतो. "परीक्षा कधी आहे तुमची?" असं बायकोने विचारलंही. पियानोत सहाशे आवाज होते आणि मला एकच गवळण येत होती, तीही फक्त पांढरी एकपासून.

ती गवळण बायकोचीच. घशाच्या ऑपरेशननंतर तिला नेहमीची काळी चारची उंच पट्टी झेपेना, म्हणून वर्षभर ती गायलीच नव्हती. पेटीसुद्धा तिने भजनी मंडळाला देऊन टाकली होती.

एकतिसाव्या पानावर पट्टी बदलायचं बटण सापडलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. बोटं पांढरी एकवरच ठेवायची. बटण दाबलं की सगळी पट्टी अर्ध्या सुराने खाली उतरते.

संध्याकाळी ती समोर मेथी निवडत असताना मी काळी चार लावून गवळण वाजवू लागलो. ती नकळत गुणगुणली, वरच्या सुराशी अडली आणि मान खाली घालून पुन्हा पानं खुडू लागली. उगाच दुखावलं तिला, असं वाटलं. तरी मी बटण दाबलं आणि पुन्हा सुरुवात केली. मग आणखी एकदा. आणखी एकदा.

आणि तिचा आवाज वरच्या सुरावर जाऊन स्थिर उभा राहिला. मला इतका आनंद झाला की पुढच्या ओळीत बोटं भलतीकडेच पडली.

"चुका खुशाल," माझ्याशेजारी येऊन बसत ती म्हणाली, "पण थांबू नका. मला अंतरा म्हणायचाय."