बाबांसाठी वेगळा अंदाज

"आज आणि उद्या घाटात दाट धुके राहील. पावसामुळे रस्ते निसरडे झाले आहेत. अत्यंत गरज असेल तरच प्रवास करावा." रेडिओवरचा हवामानाचा अंदाज वाचून ती स्टुडिओबाहेर आली आणि तिने आधी घरी फोन लावला. बाबांचा तिच्या अंदाजावर काडीचा विश्वास नव्हता. ती पाऊस म्हणाली, की ते मुद्दाम छत्री घरी ठेवून फिरायला जायचे. सकाळी त्यांनी चिडवत विचारलं, "काय हवामानबाई, घाटापलीकडे आत्याकडे जाऊ का?" तेव्हा म्हणूनच तिने बेधडक ठोकून दिलं होतं, "लख्ख ऊन आहे बाबा. बिनधास्त निघा."

"आई, बाबा घरीच आहेत ना?"

"नाही गं, केव्हाच निघाले. अगं, काल मी त्यांना चांगलंच झापलं. म्हटलं, सगळं जग पोरीचं ऐकतं, तुम्ही तेवढी टिंगल करता. तर आज गाडीत बसताना म्हणाले, आता यापुढे पोरगी सांगेल तसंच वागायचं. झालीस ना खूश?"