लोकनृत्य

ढोल वाजला आणि आठ पोरी विंगेतून उड्या मारत स्टेजवर आल्या. कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत काळ्या रंगवलेल्या. गालांवर पांढरे ठिपके, कमरेला हिरव्या कागदाची पानं, केसांत थर्माकोलचं हाड. "हू हा, हू हा" करत त्यांनी भाले आपटले आणि सेक्टर दोनमधला मराठी मंडळाचा तो छोटा हॉल हसून हसून लोटपोट झाला.

सुजय हसला नाही. तो पहिल्या रांगेकडे पाहत होता. तिथं मधल्या खुर्चीवर प्रमुख पाहुण्या बसल्या होत्या. कलावती मरकाम. प्लांटमधल्या त्याच्या मॅनेजर, नारायणपूरकडच्या गोंड आदिवासी. स्नेहसंमेलनाला यंदा कोणाला बोलवायचं असं निघालं, तेव्हा त्यांचं नाव सुजयनंच सुचवलं होतं. आणि आज सकाळी त्याची वहिनी गीतांजली स्वयंपाकघरात वाटीत काजळ आणि क्रीम कालवत बसली होती, तेही त्यानंच पाहिलं होतं.

"हे काय करून राहिल्या वहिनी?"

"पोरीईले आदिवासी बनवायचं हाय ना!"

तो चहाचा कप घेऊन बाहेर निघून गेला होता. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींजवळ आल्याच नव्हत्या. आत्ता आल्या.

स्टेजवर पोरींनी एकीला खांबाला बांधलं, तिच्याभोवती फेर धरला. वहिनीच्या मुलीनं, समृद्धीनं, पोटावरून हात फिरवून मोठ्ठा ढेकर दिला. हॉल पुन्हा फुटला. मरकाम मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी टाळीही वाजवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या मीटिंगमध्ये बसावं तशा त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

पहिलं बक्षीस त्याच नाचाला मिळालं. ते पाहुण्यांच्याच हस्ते द्यायचं होतं. सुजय उठेपर्यंत त्या पायऱ्या चढूनही गेल्या. समृद्धीनं वाकून त्यांच्या हातातून ढाल घेतली, मग शिकवल्याप्रमाणे हात मिळवला. मॅडमच्या तळहाताला काळं लागलं. मंडळाचे अध्यक्ष बाबाराव, म्हणजे सुजयचे वडील, त्यांनी लगबगीनं माईक पुढे केला.

"बच्चियों ने मेहनत की है," मॅडम म्हणाल्या. "मैं गोंड हूँ. हमारे यहाँ औरतें एक-दूसरे की कमर में हाथ डालकर नाचती हैं. ऐसा नाच मैंने भी आज पहली बार देखा."

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

स्टेजमागच्या खोलीत चहा-समोसे मांडले होते. मॅडमनी कशाला हात लावला नाही. बाबारावांच्या मात्र ध्यानात आलं होतं.

"मॅडम, बुरा मत मानना. हम तो आदिवासियों का सम्मान करते हैं. इसीलिए तो रखा."

"रंग क्यों लगाया?"

"बिना रंग के पता कैसे चलता?" गीतांजली मध्येच बोलली. तिचा आवाज चढला होता. महिनाभर तिनं पोरींकडून घाम गाळून तालीम करून घेतली होती. "और कृष्ण को भी तो हम नीला रंग लगाते हैं. उसमें किसका अपमान होता है?"

"कृष्ण पर कोई हँसता नहीं," मरकाम मॅडम म्हणाल्या.

गीतांजलीचे डोळे भरून आले. बाबाराव सुजयकडे वळले. मॅडमना मराठी कळत नसावी अशा हिशेबानं ते हळू आवाजात म्हणाले, "तू बोल ना रे तुह्या मॅडमशी. उभा कावून राहिला? सांग त्याईले, आमच्या मनात काईच नव्हतं."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. वडील, वहिनी, आणि चहाची किटली घेऊन थांबलेली बाई. सुजयला काहीतरी दुसरं बोलायचं होतं. काय, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. पण ते तोंडातून बाहेर येण्याआधीच सवयीचं वाक्य आलं.

"मॅडम, किसी के मन में कुछ नहीं था."

"मालूम है, सुजय." त्यांचा आवाज जराही वर गेला नाही. "मन में कुछ होता तो मैं लड़ लेती."

त्यांनी पर्स उचलली, हात धुवायची जागा विचारली आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या. सुजय त्यांच्या पाठोपाठ गेला.

मागे नळ होता. आठही पोरी तिथं गर्दी करून तोंडं घासत होत्या. सिमेंटवरून काळं पाणी नालीकडे वाहत होतं. एक रडत होती, कारण तिचं निघत नव्हतं. दुसरी तिला चिडवत होती, "तू अशीच राहशील आता! अशीच राहशील!"

मॅडमना पाहून पोरी बाजूला झाल्या. त्यांनी नळाखाली तळहात धरला, साबण लावला. डाग पुसट झाला, पण गेला नाही. समृद्धी जवळच उभी होती, अर्धी गोरी, अर्धी काळी. तिनं आधी त्यांचा हात पाहिला. मग मान वर करून सावळा चेहरा पाहिला, बराच वेळ. तिला त्यांची कीव आलेली स्पष्ट दिसत होती. तिनं कट्ट्यावरची खोबरेल तेलाची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"आंटी, साबुन से नहीं जाता. पहले तेल लगाओ. मुँह का भी निकल जाएगा."

सुजय दारातच खिळून राहिला. त्यानं "समृद्धी!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं.

मॅडमनी बाटली घेतली. तळहातावर थोडं तेल ओतलं. मग त्या खाली बसल्या, पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड एका बाजूला वळवलं आणि तिच्या कानामागे बोटानं हळूहळू चोळू लागल्या.

"यहाँ रह गया है," त्या म्हणाल्या. "हिलना मत."