लॅटव्हियन फाइलवरचे लाल शेरे

"एवढंच?" आसावरी स्क्रीनकडे बघून जवळजवळ ओरडलीच. "दाइगा, अख्ख्या फाइलमध्ये तुला एवढ्याच चुका सापडल्या?"

ग्लासगोच्या आपल्या स्वयंपाकघरात बसलेल्या दाइगानं चष्मा काढून पुसला. "चांगलं केलंय," ती म्हणाली. "खरंच चांगलं केलंय."

आसावरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं बाई, तुझ्या पोटावर पाय येतोय आणि तू त्याचंच कौतुक करतेस?

बेसिंगस्टोकच्या त्यांच्या कंपनीत हॉस्पिटलच्या यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित व्हायची. लॅटव्हियनचं काम कित्येक वर्षं दाइगाच करत होती. इंग्रजीतला एखादा शब्द दोन-तीन अर्थांचा निघाला की ती अडायची आणि आसावरीला फोन करायची. आसावरी मूळची पुण्याची. तिला लॅटव्हियनचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती इंजिनिअरांच्या मागे हात धुऊन लागायची आणि इथे नेमका कुठला अर्थ घ्यायचा ते वदवून घ्यायची. त्या दोघींच्या कामात कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आणि आता म्हणे मशीन. महिन्याच्या मीटिंगमध्ये नवा हेड मिहीर म्हणाला होता, की लॅटव्हियन मशीनकडे द्यायचं का ते बोर्ड ठरवेल, त्याआधी तपासणी होईल. गुरुवारी दाइगाकडे फाइल आली. तपासायची फाइल कुणाची आहे हे कंपनीत कधीच सांगत नसत, तशीच हीसुद्धा बिननावाची. तपासणाऱ्याला भीडभाड नको म्हणून. इथे कसली भीड? तिच्याच हातानं तिची नोकरी कापायची! दाइगाची दुसरीकडची दोन कामं अशीच मशीनकडे गेली होती, हे शेवटचं.

"'डिस्चार्ज' बघितलास?" आसावरीनं विचारलं. "तिथे हमखास आपटलं असेल."

"बघितला. पेशंट घरी जातो, जखमेतून पू येतो, बॅटरी उतरते. आमच्याकडे तिन्हीला वेगळे शब्द आहेत आणि तिन्ही बरोबर पडलेत. मीसुद्धा हेच घातले असते."

"घातले असतेसच! तुझ्याच कामावर पोसलंय ना त्याला! बरं, 'लीड'?"

"छातीला लावायच्या त्या वायरींना दोन शब्द चालतात. यातला एक घेतलाय. तोही चालतो."

"मग दुसरा लिही आणि हा लाल कर."

दाइगा हळूच म्हणाली, "हे खोटं होईल, आसावरी."

"आणि ते करतायत ते खरं आहे का? इतकी वर्षं राबवून घेतलं, आता लाथ मारतायत. चांगुलपणा कसला दाखवतेस? त्या डब्याला? तो तुझे आभार मानणारे का? जिथे जिथे शब्दाला दोन अर्थ आहेत ना, तिथे तिथे लाल कर. एक ओळ धड सोडू नकोस!"

सोमवारी सकाळी फाइल परत आली. सगळी लालेलाल. आसावरीला ते बघून असं काही बरं वाटलं, की तिनं चहाही घेतला नाही. तासाभरात आपलं लिहिणं उरकून ती मिहीरच्या केबिनमध्ये घुसली.

मिहीर कॉव्हेंट्रीत जन्मलेला, त्याच्या आईची आणि आसावरीची महाराष्ट्र मंडळातली ओळख. चारचौघांत तो इंग्रजी बोलायचा, पण दार बंद असलं की तिला मावशी म्हणायचा आणि मराठीची पार वाट लावायचा.

त्यानं पानं वर-खाली केली. त्याचा चेहरा उतरत गेला. आसावरीला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. घे, म्हटलं, घे चांगलं!

"एवढा वाईट आहे?" तो म्हणाला. "दाइगा शुअर आहे ना?"

"अरे, तिची भाषा आहे ती. तिला नाही कळणार तर काय तुला?"

"मावशी, थोडा परत चेक करूया का? हळू. मी वेट करतो."

"का? मनासारखं आलं नाही म्हणून? उद्या या भाषांतरानं कुणाला चुकीचं औषध गेलं तर तू उभा राहणारेस? ज्यानं कुणी हे केलंय ना, त्याला हॉस्पिटलच्या कामाच्या आसपास फिरकू देऊ नये. मी सही करून लिहिलंय तसं."

"सही? कुठे?"

"रिपोर्टवर. दाइगाचीही आहे. माझ्यामागे तुम्ही लोक तो गुंडाळून ठेवाल, हे मला माहीत होतं. म्हणून सकाळीच थेट बोर्डाला पाठवून दिलाय." आसावरीनं हाताची घडी घातली. "सगळ्यांना. एकूण एकाला. आता बोल."

मिहीर खुर्चीत मागे टेकला. त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"काय झालं? वाचा बसली?"

"मावशी," तो म्हणाला, "मशीनचा फाइल अजून आलाच नाही. माणूस किती चांगला करतो ते बोर्डला आधी दाखवायचा होता, म्हणून मी नाव काढून दाइगाचाच लास्ट यिअरचा बेस्ट काम टाकला होता."