तिसरी कॉफी

आमच्या बोस्नियात पाहुण्याला 'आता निघा' असं कुणी तोंडाने म्हणत नाही. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी समोर आली, की ती संपवून दाराशी काढलेले बूट पायांत घालायचे.

पहिल्या कॉफीला माझ्या मैत्रिणीने, झुम्रेताने विचारलं, "काय गं बेहिया, शिवणकाम काय म्हणतंय?"

"काय सांगू बाई! शाळेचे बावीस पडदे शिवले. खिडकीला लावल्यावर कळलं, सगळे वीतभर आखूड."

ती पोट धरून हसली.

दुसऱ्या कॉफीला मी यायत्सेच्या सहलीचं सांगितलं. तिथल्या नदीत नातीचा एक बूट वाहून गेला होता. तो एकटा बूट आता कुठवर पोचला असेल, यावर आम्ही दोघी उगाचच बराच वेळ डोकं लढवत बसलो.

मग तिने तिसरी आणली. मी ती प्यायले, कप तिच्या हातात दिला आणि बूट घालायला वाकले.

"अगं, निघालीस कुठे?" झुम्रेता रागावलीच. "आत्ता तर आलीस! घोटभर कॉफीसुद्धा न घेता जाणार?"

माझा कप तिच्या हातात अजून गरम होता.

मी बूट काढले आणि परत आत जाऊन बसले. तिने नवी कॉफी ओतली, साखरेचा खडा माझ्यापुढे सरकवला.

"हं, आता सांग. शिवणकाम काय म्हणतंय?"

"काय सांगू बाई! शाळेचे बावीस पडदे शिवले..."

या वेळी पडदे मी हातभर आखूड केले. ती मघापेक्षा जास्त हसली.