काठोकाठ भरलेली बाटली

बोअरचा नळ सोडला आणि तेजस्विनीनं नाक दाबलं. रंगाच्या दुकानात येतो तसला उग्र वास. ती भिंत धरून ओकली.

दुर्गाबाईंनी तिला नळापासून मागं ओढलं, पाठ चोळली.

"कितवा म्हैना?"

"तिसरा," तेजस्विनी लाजली. ऑफिसात अजून कुणाला पत्ता नव्हता आणि चिखलीच्या या बाईनं बघताक्षणी ओळखलं!

तेजस्विनी तळवड्याच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. दुर्गाबाईंच्या घरामागं रंगकामाचं शेड आलं तेव्हापासून बोअरला वास होता. सून विजयश्रीचे दोन गर्भ गेले होते. आता पुन्हा दिवस राहिले, तशी दुर्गाबाईंनी तिला माहेरी धाडली. मुलगा गणराज मात्र हट्टाला पेटलेला.

"पान्याला कशाला बोल लावायचा? खोट तिच्यातच हाय," तो म्हणाला. "रिपोर्ट वाईट आला तर म्या हे घर सोडतो. चांगला आला तर तिला लगेच घिऊन येतो. मग बी पोर टिकलं न्हाई, तर सोडचिठ्ठी."

सगळं आता त्या पाण्यावर होतं. तेजस्विनीनं दुर्गाबाईंच्या हातात काचेची बाटली दिली. "पहाटे मोटर चालू झाली की पहिलं पाणी भरा, मावशी. काठोकाठ. बुडबुडा राहू द्यायचा नाही. झाकण घट्ट लावा आणि बर्फात ठेवा."

"आन् ती तितं उघडनार कोन? तुमीच?"

"मीच. दुसरं कोण?"

दुर्गाबाईंनी एकदा तिच्या पोटाकडं पाहिलं आणि बाटली पदराखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी गणराज चाकणला फर्स्ट शिफ्टला जाता जाता बाटली देऊन गेला. काठोकाठ भरलेली, बुडबुडा नाही, भोवती बर्फ. इतका नीट नमुना तिला प्रयोगशाळेच्या साहेबांनीसुद्धा कधी आणून दिला नव्हता.

तिनं थोडं पाणी छोट्या कुपीत घेऊन कुपी बंद केली आणि गरम केली. पाणी तापलं की रंगातली वासाची रसायनं त्यातून उडून वरच्या हवेत जातात. त्या हवेत केसाएवढा बारीक धागा धरायचा. तो रसायनं शोषून घेतो. मग धागा मशीनमध्ये घातला की पडद्यावर एकेका रसायनाचं टोक उभं राहतं.

एकही टोक उभं राहिलं नाही. रेघ सपाट.

असं कसं? तिनं पुन्हा केलं. मशीनची परीक्षा घेतली, मशीन ठणठणीत. मग नळाशी आलेला तो वास? अगं, तुला हल्ली फोडणीचा वास तरी सोसतो का, तिनं स्वतःलाच दटावलं. नाकापेक्षा मशीन खरं. तिनं रिपोर्टवर सही केली.

त्याच संध्याकाळी गणराज विजयश्रीला घेऊन आला. बोअरचं पाणी पुन्हा हंड्यात पडू लागलं. दुर्गाबाई दोन दिवस नको नको म्हणाल्या. पण रिपोर्टपुढं त्यांचं कोण ऐकणार?

तेजस्विनीला सातवा लागला तेव्हा तिला राहवेना. ती चिखलीला गेली. घरात दुर्गाबाई एकट्याच होत्या. विजयश्रीचा तिसरा गर्भ पाचव्या महिन्यात गेला होता. गणराजनं तिला माहेरी सोडलं होतं, कायमचं. सोडचिठ्ठीवर तिनं मुकाट्यानं बारीकशी सही केली म्हणे. खोट आपल्यातच आहे, हे आता तिलाही पटलं होतं.

तेजस्विनीला रडू आवरेना. "मावशी, मी दोनदा तपासलं हो. पाण्यात खरंच काही नव्हतं."

"नसंल बाई. मशीन कशाला खोटं बोलंल?" दुर्गाबाईंनी तिचे डोळे पुसले आणि तिच्या पोटावरून हात फिरवला. "तुजं तरी सुखरूप होऊ दे, पोरी. दोन जिवाची तू, तुला तसला वास कसा हुंगू द्यायचा? म्हनून तर म्या त्या दिशी पानी वास पार जाईस्तवर खळाखळा उकळलं, निववलं, आन् मगच बाटलीत भरलं."