सीटखालचा खटका

धरणाच्या उतारावरचं गवत कापणाऱ्या त्या बुटक्या ट्रॅक्टरची एक खोड होती. चालक सीटवरून उठला, की सीटखालचा खटका सुटायचा आणि इंजिन बंद पडायचं. यंत्रच ते, त्याला चेहऱ्याशी काय देणंघेणं, वजनाशी मतलब.

सकाळी चालकाच्या बायकोने विचारलं होतं, "बहिणीकडे कायमची जाऊ, की राहू?"

"बघ," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणजे असून नसल्यासारखे! दुपारी उताराखाली येते. तेव्हा तरी नीट सांगा."

त्या दिवशी तो सीटवर बसला, की इंजिन बंद. तपासायला बोलावलेला मिस्त्री बसला, की सुरू.

"खटका ठणठणीत आहे, राव! तुमचंच वजन भरेना. दोन घास जास्त खा," असं म्हणत मिस्त्री हसत निघून गेला.

चालकाला ना राग आला, ना हसू. तो उतरून गवतात उभा राहिला.

मागे इंजिन सुरू झालं.

रिकाम्या सीटची गादी दबली होती. ट्रॅक्टर सरळ उतार चढला. दगडापाशी पातं उचललं, पुढे टेकवलं. अगदी त्याच्याच पद्धतीने.

खाली बायको आली. त्याने हात हलवला. तिची नजर गवतावरून फिरावी तशी त्याच्यावरून फिरली आणि सीटवर थांबली.

"अहो, सांगा ना! जाऊ, की राहू?"

ट्रॅक्टर जागीच थांबला.

"राहा गं," सीटवरून त्याचाच आवाज आला. "तुझ्याशिवाय माझं कसं व्हायचं?"

बायको कित्येक वर्षांनी हसली. "मग चला की घरी!"

सीटची गादी हळूच वर आली, आणि इंजिन बंद पडलं.